बिल दुसऱ्याचे, हिशेब सर्वांचा

घरातल्या मुलाला नोकरी लागली की पहिल्या पगारात तो सर्वांना हॉटेलात नेतो. बिल आले की पाहुणे मंडळी बडीशेप चघळत दुसरीकडे पाहतात. यजमानाच्या खर्चाकडे पाहू नये, हा रिवाज चांगलाच आहे. पण मागवलेली लस्सी आपल्याला आलीच नसेल आणि आपण गप्प राहिलो, तर त्याला आम्ही सभ्यता म्हणणार नाही. पैसे देण्यापूर्वीच हळूच सांगावे, "बाळा, माझी लस्सी आली नाही, बिलात लागली का बघ." मात्र बिल ओढून घेऊन मोठ्याने बेरीज करू नये. त्याने यजमानाचा मान जातो.

यजमानानेही संकोच सोडावा. पदार्थ, नग, दर आणि बेरीज पाहायला दोन मिनिटे पुरतात. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो. तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत लिहितात. दोनदा लावला असे समजून भांडू नये. सर्व्हिस चार्ज मात्र कर नव्हे. तो बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते कायम केले. दाद न मिळाल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

आणि चूक आपल्या फायद्याची असेल तर? तीही सांगावी. कमी पडलेली रक्कम वेटरच्या पगारातून कापली जाऊ शकते. तोही कष्टकऱ्याच्याच घरचा. घामाचा पैसा कोणाचाच बुडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.