गुरूला मानधन, शिष्याला स्टायपेंड

'लोककला जपली पाहिजे' हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत कुठल्या ना कुठल्या निबंधात लिहिलंय. मी कॉन्व्हेंटवाली, म्हणून मी ते इंग्लिशमधून लिहिलं, एवढाच काय तो फरक! पण जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? व्हिडिओ काढून ठेवायचा? म्युझियम बांधायचं? की वर्षातून एकदा महोत्सव भरवून कलाकाराला शाल-श्रीफळ द्यायचं?

माझी रूम पार्टनर कुडाळची. तिच्यामुळे पिंगुळी हे गाव मला कळलं. सिंधुदुर्गातल्या या गावात ठाकर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करत आले आहेत. सावंतवाडीच्या राजांचा त्यांना आश्रय होता. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच कलांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथी म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते. रामायण-महाभारतातल्या एखाद्या आख्यानाची चित्रं कागदावर रंगवलेली असतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात आणि अशा एका कथेच्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर गात गात गोष्ट सांगतो. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्टर येण्याच्या कितीतरी आधीचं स्लाइड प्रेझेंटेशन! फक्त इथे प्रेझेंटर स्लाइड वाचून दाखवत नाही, तो गातो.

आता खरी गोम बघा. पोथी काचेआड ठेवता येते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रं आहेतही. चित्र विकताही येतं, भिंतीवर लावायला लोक घेतात. पण चाल, शब्दांची फेक, कुठे थांबायचं, समोर लहान मुलं असतील तर काय वाढवायचं आणि म्हातारी माणसं असतील तर काय गाळायचं, हे सगळं कथेकऱ्याच्या डोक्यात आणि गळ्यात असतं. त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणजे चित्र उरेल आणि कथा जाईल, असं सहज होऊ शकतं.

व्हिडिओ आहे ना, असं कोणी म्हणेल. पण मित्रांनो, लेथवरचं काम व्हिडिओ बघून आलं असतं तर आपल्याला वर्कशॉपचे तास कशाला लावले असते? टूल कसं धरायचं, ते शेजारी उभं राहून सरांनी दहा वेळा ओरडल्याशिवाय हातात बसत नाही. गाण्याचंही तसंच. तिथे चुकल्यावर थांबवणारा माणूस लागतो.

म्हणून पैसा कुठे लावायचा, हा प्रश्न महत्त्वाचा. बक्षीस मिळतं ते झालेल्या कामाला. महोत्सवात मानधन मिळतं ते एका संध्याकाळचं. शिकवण्याच्या रोजच्या दोन तासांचे पैसे मात्र कोणी देत नाही. गुरूला पोट आहे, आणि शिष्य तर आपल्याच वयाचा. त्याच्यासमोर दोन पर्याय असतात: कुठेतरी कामाला लागून पगार घ्यायचा, नाहीतर फुकट शिकत बसायचं. तो काय निवडेल? आपण तरी काय निवडलं असतं? कारखान्यात शिकणाऱ्या अप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याने स्टायपेंड मिळतो. तेच तत्त्व कलेला लावायचं, एवढंच.

आपल्याकडे हे अगदीच नाही असं नाही. केंद्र सरकारची सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं आहेत. त्यातल्या उदयपूर आणि नागपूर या दोन केंद्रांत महाराष्ट्र येतो. या केंद्रांमार्फत गुरु-शिष्य परंपरा योजना चालते. एक गुरू, एक साथीदार आणि चार शिष्य असा एक गट. गुरूला दरमहा ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० आणि प्रत्येक शिष्याला १,५००. मुदत कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष.

रचना एकदम बरोबर आहे, कारण पैसे दोघांनाही मिळतात. पण १,५०० रुपयांत आपली महिन्याची मेससुद्धा भागत नाही. आणि एका वर्षात कथेकरी तयार होतो का? आपल्याला इंजिनीअर व्हायला चार वर्षं लागतात, ती पण केटी लागली नाही तर!

जपानचं बघा. तिथे १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याखाली निवडलेल्या थोर कलाकारांना लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. त्यांना वर्षाला २० लाख येन मिळतात, कला टिकवायला आणि पुढची पिढी घडवायला. त्यांच्या बुनराकू या बाहुलीनाट्यासाठी १९७२ पासून राष्ट्रीय नाट्यगृहात दोन वर्षांचं प्रशिक्षण चालतं. घरात परंपरा नसलेली मुलंही त्यात येतात, आणि आज त्या मंचावरचे जवळजवळ निम्मे कलाकार तिथूनच आलेले आहेत. बाहुल्या पिंगुळीतही आहेत. फरक आहे तो शिकवण्यावर सातत्याने पैसे लावण्याचा.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय आपल्याला पटत नाही. सरकारी दराने एका गटाचा महिन्याचा खर्च होतो १७,२५०. वर्षाचे २,०७,०००. हॉस्टेलमध्ये चारशे जण धरले, तर प्रत्येकी महिन्याला साधारण ४३ रुपये. कॅन्टीनच्या दोन वडापावांचा हिशोब! स्टाफने हातभार लावला तर शिष्यांचा स्टायपेंड दुप्पट करता येईल, किंवा मुदत दोन वर्षांची होईल. गुरू कोणाला नेमायचं आणि शिष्य कोण, हे मात्र त्या गावातल्या कलाकारांनीच ठरवावं. आपण फक्त पैसे वेळेवर पोचवायचे.

बदल्यात काय मिळेल? गॅदरिंगमध्ये डीजेच्या आधी अर्धा तास त्या शिष्यांचा कार्यक्रम ठेवू. पहिल्या वर्षी ते अडखळतील, चुकतील. पण पुढच्या वर्षी त्याच मुलाची कथा जास्त पक्की झालेली आपल्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येईल.

जनरल सेक्रेटरीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय मांडणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी यावं. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्कीच यावं, वाद घालायला मजा येईल!