बूमस्लँग : निरुपद्रवी ठरवलेल्या सापाची दोनशे वर्षे

केप वसाहतीत नोकरीला असलेल्या अँड्र्यू स्मिथ या स्कॉटिश लष्करी डॉक्टरने 1828 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडावरच्या सापाचे शास्त्रीय वर्णन केले. त्या सापाला आज सारे जग बूमस्लँग म्हणून ओळखते. पुढे चारच वर्षांनी, 1832 मध्ये, जॉर्ज द्युव्हर्नवा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने त्याला ‘डिस्फोलिडस’ हे प्रजातीनाम दिले. मागच्या दातांच्या सापांमधल्या विषग्रंथीला पुढे याच द्युव्हर्नवांचे नाव मिळाले. म्हणजे या सापाकडे विषाची व्यवस्था असू शकते, हे सांगणारे शरीरशास्त्र एकोणिसाव्या शतकातच हाताशी होते. तरीही हा साप माणूस मारू शकतो, हे मान्य व्हायला शंभराहून अधिक वर्षे गेली. या उशिराची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत सापांचे जाणकारच पुढे होते.

हा गैरसमज इतका टिकला कसा? त्याचे पहिले कारण या सापाच्या स्वभावातच आहे. बूमस्लँग कमालीचा लाजाळू आहे. सहाराच्या दक्षिणेकडे दाट वर्षावने आणि कोरडी वाळवंटे सोडली, तर झाडे असलेल्या बहुतेक प्रदेशांत तो आढळतो. आयुष्याचा बराच काळ तो फांद्यांवर घालवतो आणि माणसाची चाहूल लागली की पानांआड सरकतो. बहुतेक नर हिरवेगार आणि माद्या तपकिरी असतात, त्यामुळे दोघेही झाडात सहज लपून जातात. मान पुढे काढून तो इतका निश्चल राहतो की डहाळीच वाटावी. अगदीच कोंडीत सापडला तर आधी मान फुगवून इशारा देतो. चावणे हा त्याचा शेवटचा उपाय असतो, म्हणून दंशाच्या घटना मुळातच थोड्या.

दुसरे कारण दातांचे. नाग किंवा घोणसाचे विषदंत जबड्याच्या पुढच्या टोकाला आणि आतून पोकळ असतात. बूमस्लँगचे विषदंत मागे असतात आणि त्यांना पोकळीऐवजी खाच असते. असा साप बराच वेळ चावत राहिला तरच विष उतरते, हा समज पक्का झाला. प्रत्यक्षात बूमस्लँगचे दात इतर बहुतेक मागच्या दातांच्या सापांपेक्षा बरेच पुढे, डोळ्याच्या खालीच असतात आणि त्याचा जबडा सुमारे 170 अंशांपर्यंत उघडतो. बोट, हात, दंड, कुठेही त्याचे दात लागू शकतात.

तिसरे कारण सर्वांत घातक. दंश झाल्यावर पहिले काही तास जवळपास काहीच होत नाही. वेदना किरकोळ, सूज थोडी. चावलेला माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. दंशाचा आणि दुसऱ्या दिवशीच्या रक्तस्रावाचा संबंध अनेकदा कोणी जोडलाच नसेल.

पोर्ट एलिझाबेथच्या संग्रहालयाचे संचालक एफ. डब्ल्यू. फिट्झसायमन्स यांनी तो संबंध जोडला. बूमस्लँगच्या दंशाच्या विषारी परिणामांविषयीचा त्यांचा लेख 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. जोहान्सबर्गच्या साउथ आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत एडमंड ग्रासे आणि त्यांच्या सहकाऱ्याने या विषाचा पद्धतशीर अभ्यास करून 1940 मध्ये निष्कर्ष छापले. हे विष अत्यंत जहाल आहे, हे आफ्रिकेतल्या वैद्यकाला तेव्हाच कळले होते. पण जगभरच्या संग्रहालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत मागच्या दातांच्या सापांना हाताळण्याची सवय मात्र तशीच राहिली.

मग 25 सप्टेंबर 1957 हा दिवस उजाडला. कार्ल पॅटरसन श्मिट तेव्हा 67 वर्षांचे होते. शिकागोच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात (आजचे फील्ड म्युझियम) त्यांनी प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून काम केले होते आणि त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सर्पतज्ज्ञांत त्यांची गणना होत होती. शहरातल्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाने ओळख पटवण्यासाठी एक लहान साप पाठवला होता. तो बूमस्लँगसारखा दिसत होता, पण शेपटीच्या मुळाशी असलेला खवला अपेक्षेप्रमाणे दुभागलेला नव्हता, म्हणून तज्ज्ञांना शंका होती. श्मिट यांनी तो विशेष खबरदारी न घेता हातात घेतला आणि तो त्यांच्या डाव्या अंगठ्याला चावला. मागचा एकच दात सुमारे तीन मिलिमीटर रुतला होता.

श्मिट यांनी लगेच नोंदी घ्यायला सुरुवात केली. आगगाडीने घरी जाताना मळमळ, मग थंडी वाजून ताप, हिरड्यांतून रक्त, रात्री लघवीतून रक्त, असे सारे त्यांनी टिपून ठेवले. सकाळी बरे वाटले. त्यांनी न्याहारी केली आणि प्रकृती सुधारत असल्याचे संग्रहालयाला कळवले. दुपारी श्वास घेणे कठीण झाले आणि दंशानंतर साधारण चोवीस तासांत त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात शरीराच्या अनेक अवयवांत रक्तस्राव आढळला. त्यांचे सहकारी क्लिफर्ड पोप यांनी 1958 मध्ये ही सारी हकीकत त्या नोंदींसह प्रसिद्ध केली. त्यानंतर मात्र या सापाला निरुपद्रवी म्हणण्याची हिंमत कोणाला झाली नाही.

त्या सकाळी बरे का वाटले, याचे उत्तर विषाच्या कामातच आहे. बूमस्लँगचे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना, विशेषतः प्रोथ्रॉम्बिन आणि दहाव्या घटकाला, विनाकारण चालना देते. रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होत राहतात आणि त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठायला लागणारे प्रथिन खर्ची पडत जाते. साठा संपेपर्यंत रोगी धडधाकट दिसतो. साठा संपला की रक्त गोठणेच थांबते आणि हिरड्या, आतडी, मूत्रपिंड, मेंदू, कुठूनही रक्त वाहू लागते. श्मिट यांना ज्या वेळी बरे वाटत होते, त्याच वेळी त्यांच्या शरीरातली गोठण्याची क्षमता संपत चालली होती.

यातून सगळ्यांनी सगळा धडा घेतला, असे मात्र झाले नाही. फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयाचे विख्यात सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मर्टेन्स यांना 1975 मध्ये थेलोटॉर्निस या आफ्रिकी सापाने दंश केला. काटकीसारखा दिसणारा हा साप बूमस्लँगचाच नातलग. मर्टेन्स अठरा दिवसांनी वारले. या सापावर प्रतिविष तेव्हा नव्हते आणि आजही नाही. जपानमध्ये तर मागच्याच दातांच्या, पूर्वी निरुपद्रवी मानल्या गेलेल्या ऱ्हॅब्डोफिस सापानेही माणसे मारली. त्या कुळाचे भाईबंद आपल्या ईशान्य भारतातही आहेत.

एकविसाव्या शतकात जुन्या वर्गीकरणाला पायापासून धक्का बसला. ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 पासून दाखवून दिले की ज्या सापांना सरसकट बिनविषारी म्हटले जाते, त्यांतल्या अनेकांच्या लाळेत नागाच्या विषातल्यासारखी प्रथिने असतात. 2017 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने बूमस्लँगच्या विषाचे घटक आणि विषग्रंथीतली जनुके तपासली. विषाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग धातूच्या अणूच्या साहाय्याने काम करणाऱ्या प्रथिनभंजक विकरांचा निघाला. हीच विकरे रक्त गोठण्याची साखळी बिघडवतात. श्मिट कशाने गेले हा प्रश्न त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच होता. साठ वर्षांनी त्यांच्या मृत्यूचे रेणूपातळीवर उत्तर मिळाले, ते त्यांनी स्वतः टिपलेल्या लक्षणांशी जुळते.

या सापाच्या जीवनाविषयीचे ज्ञानही या काळात वाढले. तो दिवसा फिरतो आणि मोठ्या डोळ्यांच्या बळावर शिकार शोधतो. शॅमेलिऑन, म्हणजे आपल्याकडच्या घोयऱ्याच्या कुळातले सरडे, हे त्याचे आवडते भक्ष्य. सुगरणींच्या कुळातल्या आफ्रिकी पक्ष्यांच्या घरट्यांत शिरून तो अंडी आणि पिल्ले खातो. मादी ढोलीत किंवा कुजक्या पानांच्या ढिगात अंडी घालते आणि सुमारे तीन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. स्वतः बूमस्लँगला केप कोब्रा खातो. सरडे आणि पक्षी यांच्या संख्येचा तोल राखणारा हा प्राणी आहे. त्याला ठार मारण्याचे एकही कारण या दोनशे वर्षांच्या अभ्यासातून पुढे आलेले नाही.

उपचाराची बाजू मात्र अजून नाजूक आहे. दक्षिण आफ्रिकेत बूमस्लँगसाठी वेगळे प्रतिविष तयार होते. तिथले अनेक सापांवर चालणारे नेहमीचे प्रतिविष या विषावर उपयोगी पडत नाही. एका सापाकडून विष मिळते ते काही मिलिग्रॅम, त्यामुळे उत्पादन नेहमीच तुटपुंजे. या प्रतिविषाचे एक मोठे सामर्थ्य आहे : दंशानंतर बराच वेळ गेला तरी ते दिल्यावर रक्त पुन्हा गोठू लागते. म्हणून उशीर झाला म्हणून हार मानू नये, असे तिथले डॉक्टर सांगतात.

महाराष्ट्रात बूमस्लँग नाही. पण रक्ताची तीच दुर्दशा करणारे फुरसे कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आहे आणि त्याच्या दंशानंतरही माणूस कधी कधी पहिले काही तास ठीक दिसतो. ग्रामीण रुग्णालयात स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते का हे पाहतात, ते याच कारणासाठी. हरणटोळ आणि मांजऱ्या हे आपले मागच्या दातांचे साप सहसा माणसाच्या जिवावर उठत नाहीत, हे खरे. पण ही खात्री वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून आलेली आहे. प्रत्येक नव्या, अनोळखी सापाला ती आपोआप लागू होत नाही. तेव्हा सर्पमित्रांना आणि हौशी छायाचित्रकारांना कळकळीची विनंती आहे : ओळख न पटलेला साप उघड्या हाताने उचलू नका, आणि दंश झाल्यावर बरे वाटते म्हणून घरी थांबू नका. सरळ रुग्णालयात जा आणि डॉक्टरांनी रक्त पुन्हा पुन्हा तपासून सुट्टी देईपर्यंत तिथून हलू नका.