मचाणावर दिसलेले वाघ गणनेत का धरत नाहीत?

सातपुड्यातील मेळघाट व्याघ्र प्रकल्पात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री स्वयंसेवक पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेतात. वन विभाग या उपक्रमाला 'निसर्गानुभव' म्हणतो.

हीच रात्र का?
वैशाखात बहुतेक पाणी आटलेले असते, त्यामुळे प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. चांदण्यात ते दिसतातही.

मग अडचण काय?
एकच वाघ दोनदा पाण्यावर आला, तर नोंदी दोन होतात. प्रत्येक वाघाचे पट्टे मात्र वेगळे असतात. म्हणून २००६पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी गणनेत कॅमेरा ट्रॅपमधील छायाचित्रे जुळवली जातात.

उपयोग काय?
कोणत्या पाणवठ्यावर कोणते प्राणी येतात, याचा अंदाज मिळतो. 'वाघ वाढले' किंवा 'घटले', हे मात्र या आकड्यांवरून ठरत नाही.