मांजरेचा डोह आणि हैदराबादचा मिरग

मे महिना सरत आला की आमच्या घरात हैदराबादला जायचे वारे वाहू लागतात. नणंद काचीगुड्याला राहते. आमच्या अत्ते, म्हणजे सासूबाई, माहेरच्या कलबुर्गीकडच्या. मराठी बोलता बोलता कधी कन्नडवर घसरतात ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. मृग जवळ आला की त्यांचे एक वाक्य ठरलेले, "मिरगाला मीनु तिन्नबेकु!" मासा खाल्लाच पाहिजे. तेलंगणात हा नेम घरोघर पाळतात. त्या दिवशी तिथल्या बाजारात मासळीचे भाव काय होतात, ते नणंदेच्या यजमानांनाच विचारावे.

गेल्या वर्षी आठवीतल्या माझ्या मुलाने नवेच खूळ काढले. बाजारचा मासा नको, आपण स्वतः पकडू! म्हणून भालकीहून निघालो ते सरळ हैदराबादला न जाता आधी मांजरेकाठी माझ्या मामांच्या गावी गेलो.

नदी आटून डोहाडोहांत उभी होती. पाणी इतके उथळ की मासे डोळ्यांनी दिसत होते. पोराने गळ काढला तेवढ्यात मामा आले. म्हणाले, "आत्ता कशाला गळ? जाळं टाकलं तर पोतं भरंल. पण पुढल्या साली काय खाशील?" पोराचा चेहरा पडला. मलाही वाटले, एक-दोन मासे धरल्याने काय मोठे बिघडणार होते? पण मामा ऐकायला तयार नव्हते.

मी भूगोलाची प्राध्यापिका, पण हा धडा मला पुस्तकात मिळाला नाही. उन्हाळ्यात नदीचा सगळा जीव चार-दोन डोहांत गोळा होतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, म्हणून पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडझाप करतात. या दिवसांत मासा धरायला कसब लागत नाही, तो आयताच सापडतो. मरळ तेवढी टिकून राहते. ती वर येऊन हवेतून श्वास घेते आणि पाणी अगदीच संपले तर ओल्या चिखलातही तग धरते. हे उरलेले मासेच पुढच्या पावसाचे बियाणे. पहिल्या पुराला ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि अंडी घालतात. डोह उपसून काढला तर पुराच्या पाण्यात चढायला राहणार कोण?

मामांच्या हट्टाला २०१६ची आठवण आहे. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. तीच ही मांजरा. मामांच्या गावचा डोहही त्या साली तळाला गेला. लोकांनी घमेल्यांनी मासे भरून नेले. मामांनीही नेले, आणि ते कबूल करतात. "दोन दिवस सगळ्या गावात कालवण होतं. मग तीन वर्षं डोहात बेडूक सोडून काय दिसलं नाही."

गळ गुंडाळून पोरगा चिखलात शिंपले शोधायला लागला. आम्ही लहानपणी पायाच्या अंगठ्याने चाचपून शिंपले काढायचो. कन्नडात चिप्पु, तेलुगूत आल्चिप्पलु. आई मोठी शिंप दगडावर घासून तिला भोक पाडायची आणि त्या धारेने कैऱ्या सोलायची. काही घरांत आतल्या मांसाचे कालवणही होई. खेकडे दगडाखाली सापडत, पण त्यांची खरी गंमत पहिल्या पावसानंतर. माझ्या पोराला तासाभरात पाच शिंपले मिळाले, त्यांतले तीन रिकामे. जिवंत होते ते दोन त्याने न सांगता परत चिखलात रोवले.

इथे एक सांगून ठेवते. शिंपला दिवसभर पाणी आत घेऊन गाळतो आणि पाण्यातले जे काही असेल ते अंगात साठवतो. नदी स्वच्छ असेल तर ठीक. पण हैदराबादला गेल्यावर हुसेनसागरच्या किंवा सांडपाणी मिसळणाऱ्या कोणत्याही तलावाच्या काठचे शिंपले-खेकडे ताटात घेऊ नयेत. अशा तलावांत उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच तरंगतो, त्याचे कारणही तेच : तापलेले पाणी, वरून सांडपाणी आणि संपलेला प्राणवायू.

दुसऱ्या दिवशी संगारेड्डीला मुख्य रस्ता सोडून आत वळलो. आपली मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावते, लातूर-बीदर करत तेलंगणात शिरते आणि तिथे तिचे नाव मंजीरा होते. सिंगूरचे धरण आणि त्याखालचा मंजीरा बंधारा यांच्यामधला पट्टा १९७८ पासून अभयारण्य आहे. हैदराबादने कित्येक वर्षे याच नदीचे पाणी प्यायले. आणि या पट्ट्यात मगरी आहेत. मगर, मोसळे, मोसलि, तिन्ही भाषांत तिचा दरारा सारखाच!

पक्षी पाहायचे असतील तर खरा हंगाम हिवाळ्याचा. बाहेरून येणारी बदके-हंस मार्चपर्यंत परत गेलेले असतात. पण उन्हाळ्यात पाणी उतरून चिखल उघडा पडतो, आणि इथेच राहणारे पक्षी अगदी जवळून दिसतात. आम्हाला मुग्धबलाक भेटले. या करकोच्याच्या दोन चोचींमध्ये मधोमध फट असते, जणू अडकित्ताच. गोगलगायी आणि शिंपले हे त्याचे मुख्य अन्न. आमचा पोरगा आदल्या दिवशी जे काम तासभर करत होता, ते या पठ्ठ्याने पाच मिनिटांत उरकले.

मगर एकच दिसली, लांबवर, ओंडक्यासारखी. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. म्हणजे ऐन सुट्टीतच ती घरट्याची राखण करत असते. त्यामुळे काठाकाठाने वाळूत फिरणे, पोरांना पाण्यात सोडणे हे इथे नको. तिथल्या वनखात्याच्या माणसाने सांगितलेल्या जागेवरूनच पाहावे, दुर्बीण जवळ असावी. मगरी देशातून संपत आल्या होत्या तेव्हा १९७५ साली त्यांना वाचवण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याची माणसे तयार करणारी संस्था हैदराबादेतच होती. मगर वाचवली, पण तिची अंडी ज्या वाळूत उबतात ती वाळू ट्रॅक्टरने चालली आहे. आपल्या बाजूलाही वेगळे काय चालले आहे?

हैदराबादेत पोचल्यावर पहाटे रामनगरच्या मासळी बाजारात गेलो. १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्यामुळे या दिवसांत समुद्राचा मासा कमी आणि महाग. ताजी मिळते ती तलावातली : रोहू, कटला, आणि टबात सळसळणारी जिवंत मरळ. तिला तेलुगूत कोर्रमीनु म्हणतात आणि ती तेलंगणाचा राज्यमासा आहे. कोळंबीला आपण झिंगा म्हणतो, अत्ते सीगडी म्हणतात, विकणारी बाई रोय्यलु. तिघींचा भावावरचा वाद मात्र खुणांनीच झाला.

शहरातली हरणे-मोर पाहायचे तर उजाडताच निघावे. के.बी.आर. उद्यानात पावसाच्या तोंडावर मोर पिसारा फुलवतात. वनस्थलीपुरमचे महावीर हरिण वनस्थली ही मूळची निजामाची शिकारीची जागा, आता काळविटांची. नऊनंतर मात्र झाडाखालच्या सावलीशिवाय काही दिसत नाही.

आणि मृगाच्या दिवशी नामपल्लीचे प्रदर्शन मैदान. बत्तिनी गौड कुटुंब दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीच्या पिलाच्या तोंडात पिवळे औषध घालून ते गिळायला देते. करोनाच्या काळात बंद पडले होते, २०२३ पासून पुन्हा सुरू आहे. आपल्याकडूनही खूप लोक जातात. अत्तेंना दमा आहे. त्या रांगेत उभ्या राहिल्या, मी शेजारी. या औषधाने दमा बरा होतो असे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेले नाही, हे मी त्यांना घरीच सांगितले होते. त्या म्हणाल्या, "तू पंप पर्समध्ये ठेव, मी देवाचं नाव घेते." रांग पुढे सरकली. समोरच्या पिशवीत बोटाएवढी पिले वळवळत होती. अत्ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "चल, नंतर बघू." का, ते मी विचारले नाही. संध्याकाळी धाप लागली तेव्हा पंपच कामी आला.

रात्री नणंदेने चिंचेच्या आंबट रश्शातला चेपल पुलुसु केला. अत्तेंनी दोनदा घेतला. जेवता जेवता मामांचा फोन आला. पोराने पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, डोहात पाणी आहे का?"

"हाय. गुडघाभर. मिरगाचे किडे दिसले, ढग बी आलेत. पाऊस न्हाय अजून."

"आणि मासे?"

"ते बी हायेत. गळ घरीच ठेव."