बिऱ्हाड पाठीवर (लेखांक ४) : आधी रात्र ठरवा, मग गाडी

मुक्कामाच्या जागा आणि खर्च यांचं बोलून झालं. आता गाडीकडे वळू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो : मोबाइलवर युरोपातल्या कॅम्परचे व्हिडिओ बघून जालन्यातल्या कुटुंबानं गाडी निवडू नये. त्या गाड्यांत न्हाणीघर असतं, ओव्हन असतो, लाकडी कपाटं असतात, कारण तिकडे वर्षातले बरेच दिवस गाडीबाहेर बसवतच नाही. आपल्याकडे उलटं आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री बाहेर बसण्यासारखं दुसरं सुख नाही, आणि उन्हाळ्यात तर पत्र्याच्या आत बसणं हीच शिक्षा. स्वयंपाक, जेवण, गप्पा आपण बाहेरच करणार. मग आत नेमकं काय हवं? झोप, पाणी आणि आडोसा. या तीन गोष्टी धरून निवड केली की अर्ध्याअधिक गाड्या आपोआप बाद होतात.

त्याआधी, कॅम्पर हवीच का? राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी, जांबसमर्थ, सिंदखेडराजा ही ठिकाणं सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याची. लोणारही शंभर किलोमीटरच्या आतच आहे. शेगावला संस्थानचं भक्तनिवास असताना गाडीत कशाला झोपायचं? कॅम्परचा उपयोग त्यापुढे सुरू होतो : कोकण, हंपी, ताडोबा, पचमढी. म्हणजे चार-पाच दिवसांचा प्रवास आणि दर रात्री वेगळा मुक्काम. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, आणि जालन्याहून नागपूर एका सकाळच्या टप्प्यात आलं. लांबच्या सहलींचा विचार आपल्याकडे वाढलाय तो या रस्त्यामुळे.

आता माणसं मोजा. समजा, घरात सहा जण आहेत : आजी, आजोबा, नवरा-बायको, दोन लेकरं. मोठ्यांचं वजन सरासरी ६५ किलो आणि लेकरांचं ३० धरलं तर ३२० किलो झाले. साठ लिटर पाणी म्हणजे ६० किलो. घरच्या इन्व्हर्टरला असते तसली ट्युब्युलर बॅटरी ५५ किलोच्या आसपास. फळ्या, गाद्या, शेगडी, भांडी मिळून ८०, कपडे आणि इतर सामान ६०. बेरीज ५७५ किलो. गाडीच्या आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा करा. जे उरेल ती गाडीची खरी उचल. छोट्या व्हॅनच्या बाबतीत ती आपल्या बेरजेशीच संपते. विक्रेता सीट मोजून दाखवतो, किलो कोणी दाखवत नाही. तो हिशेब आपणच करायचा.

म्हणून सहा जणांच्या घराला दोनच वाटा. एक, सगळे झोपतील अशी मोठी गाडी. दोन, सगळे बसतील पण तिघंच झोपतील अशी छोटी गाडी, बाकीचे तंबूत किंवा धर्मशाळेत. मी दुसऱ्या वाटेचा माणूस आहे. कारण साधं आहे : वर्षातले बहुतेक दिवस ही गाडी सहलीला नसते. तेव्हा ती मोंढ्यातून पोतं आणते, लग्नाला पाहुणे नेते, शाळेसमोर उभी राहते. कादराबादच्या गल्लीत वळत नाही अशी गाडी घेतली तर ती चौफुलीवरच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटात भाड्यानं उभी करावी लागेल आणि दर महिन्याला तिच्याकडे बघून घरात भांडण होईल.

या छोट्या वाटेला परंपराही आहे. जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीनं १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या बसमध्ये ठेवायची एक पेटी बनवली. तिच्यातच बैठक, झोपायची सोय, कप्पे. शनिवार-रविवारी पेटी आत, सोमवारी बाहेर, की गाडी पुन्हा कामाला मोकळी. जगभर कॅम्पर म्हणून जी गाडी मिरवते तिचा जन्म असा काढता-घालता येणाऱ्या पेटीतून झाला. जपानमध्ये तर ‘केई’ नावाचा गाड्यांचा वर्गच आहे : लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, यापलीकडे जायचं नाही. एवढ्याशा गाड्यांचे कॅम्पर करून तिथली म्हातारी जोडपी देशभर फिरतात. आपली १९८४ ची मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, याच घराण्यातली. सुझुकीच्या कॅरीवरून आलेली. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. आज तिच्या जागी ईको आहे : लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५. जपानी कॅम्परपेक्षा वीतभर लांब, रुंदीला जवळपास तेवढीच.

ईकोबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या भागात ती सर्वांत सहज मिळते आणि कोणताही मेकॅनिक ती उघडू शकतो. सरकते दरवाजे दोन्ही बाजूंना, मागचं दार वर उघडणारं, छत सपाट. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे लांबच्या प्रवासात त्या जागेची फरशी तापते. आत मोठ्या माणसाला उभं राहता येत नाही, बसूनच कपडे बदलायचे. झोपायला दोन मोठी माणसं आणि मध्ये एक लहान लेकरू, त्याहून जास्त नाही. मधलं बाक दुमडतं की काढावं लागतं, हे विक्रेत्याला तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा. मग आत फूटपट्टी लावा. साडेपाच फुटी माणसाला किमान पावणेसहा फूट लांबी लागते, नाहीतर गुडघे दुमडून रात्र काढावी लागते. सीएनजीची ईको चालवायला स्वस्त, पण तिची टाकी मागच्या जागेत बसते आणि नेमके पाय पसरायचे तिथेच आडवी येते. कॅम्पर करायची तर पेट्रोलचीच बघा. ‘कार्गो’ स्वस्त पडते म्हणून मोहात पडू नका. ती मालवाहू म्हणून नोंदलेली असते, मागे माणसं बसवता येत नाहीत. आणि समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे म्हणून ही उंच, हलकी गाडी त्या वेगाला नेऊ नका. उघड्या माळावरचा आडवा वारा तिला बाजूला ढकलतो.

क्रूझर आपल्याला नवी नाही. गाडी करून तुळजापूर-पंढरपूरला जाणारी निम्मी कुटुंबं तिच्यातूनच जातात. मागे समोरासमोर बाकं असतात, त्यांच्यामध्ये फळी टाकली की बैठकीचा पलंग होतो. जुनी क्रूझर चांगल्या अवस्थेत मिळाली तर सहा जणांच्या घराला ही तडजोड वाईट नाही. पण काळीपिवळीत झिजलेली गाडी घेऊ नका. रंग बदलला तरी चासी सांगते.

मोठ्या बाजूला पुण्याच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर आणि अर्बानिया, टाटांची विंगर. यांत माणूस उभा राहतो, स्वयंपाकाचा ओटा आणि छोटं शौचालय बसतं. ज्यांना भाड्यानं चालवायची आहे, किंवा ज्यांचं एकत्र कुटुंब दर सुट्टीला खरोखरच बाहेर पडतं, त्यांनी इकडे वळावं. टोलचा फरक लक्षात घ्या : समृद्धीवर एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, मिनीबसला ३ रुपये ३२ पैसे. परवान्याची मात्र चिंता मिटली आहे. साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहतूक वाहन साध्या एलएमव्ही परवान्यावर चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. महिंद्रानेही २०२२ मध्ये बोलेरो कॅम्पर गोल्डवर चौघांसाठी झोपण्या-राहण्याची गाडी बनवण्याचा करार जाहीर केला होता. कल्पना आपल्या रस्त्यांना साजेशी आहे, पण अशी गाडी जवळ दुरुस्त कुठे होणार, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडी निवडण्याआधी कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे नेऊन छत कापणं, सीट कायमची काढून टाकणं, पत्र्याला खिडकी पाडणं हे धंदे नकोत. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल. पूर्ण कॅम्पर करायचीच असेल तर एआयएस-१२४ हे मानक आहे. बैठक आणि टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे अशा गोष्टी असलेल्या वाहनाला ‘मोटर कॅराव्हॅन’ म्हणून मंजुरी देण्याची पद्धत त्यात आहे. मंजूर बॉडीबिल्डरकडून काम, मग एमएच-२१ च्या आपल्या परिवहन कार्यालयात नोंद. छोट्या वाटेचा इथे मोठा फायदा : न खिळवता, पट्ट्यानं बांधून ठेवलेली पेटी गाडीच्या रचनेला हात लावत नाही. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते मुख्यतः धंदा करणाऱ्यांसाठी. घरच्या गाडीला त्याचा थेट लाभ नाही.

उकाड्याचं काय? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. लोक लगेच एसी म्हणतात. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १२८० वॉट-अवर. एक टनाचा एसी हजार वॉटच्या आसपास ओढतो. म्हणजे तासाभरात बॅटरी संपली आणि रात्र अजून सुरूही झाली नाही. त्याऐवजी ३०-४० वॉटचा बारा व्होल्टचा पंखा आठ तासांत तीनशे वॉट-अवरच घेतो. दोन्ही दारांना मच्छरजाळी, पांढरा रंग आणि सावलीत उभी केलेली गाडी एवढ्यावर मार्चपर्यंत झोप छान लागते. मे महिन्यात जायचंच असेल तर कोकणात किंवा मराठवाड्यात नको, पचमढीसारख्या उंच ठिकाणी जा.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं किंवा गाडीत जनरेटर बसवणं, हे दोन्ही जिवावरचे खेळ आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड फरशीतल्या छिद्रातून आत आला होता. या वायूला वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. गाडीत जनरेटर असेल तर ती गाडी, कितीही स्वस्त असो, सोडून द्या. गॅसची शेगडीही बाहेरच पेटवा.

दुसरा विषय बोलायला लोक लाजतात. पण घरातल्या बाया सहलीला का कुरकुरतात याचं खरं उत्तर तिथे आहे : शौचालय. छोट्या गाडीत कायमचं शौचालय बसत नाही, आणि बसवलं तर झोपायची जागा जाते. उपाय म्हणजे झाकणाची, खालची टाकी वेगळी होणारी फिरती बैठक आणि गाडीच्या मागच्या दाराला लावायचा उभा तंबू. पहाटे अनोळखी जागी दूर जावं लागत नाही एवढ्यानंच सहलीचं निम्मं ओझं उतरतं. टाकी रोज रिकामी करायची, तीही सार्वजनिक शौचालयात, शेताच्या बांधावर नाही. हे काम कोण करणार ते निघण्याआधी ठरवा, आणि ते काम पुरुषांकडे द्या, असं मी आग्रहानं म्हणेन. पाण्याची काटकसर मात्र जालन्याच्या माणसाला शिकवायला नको. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी ड्रम भरून काढला त्यांना वीस लिटरचे तीन कॅन तीन दिवस कसे पुरवायचे ते ठाऊक आहे. कॅनच घ्या, बसवलेली टाकी धुता येत नाही आणि चार दिवसांत पाण्याला वास येतो. आजी-आजोबांसाठी पायरी किती उंच आहे तेही बघा. बाहेर ठेवायची घडीची पायरी काही शे रुपयांत मिळते, तिच्याअभावी मोडलेलं हाड कितीतरी महाग पडतं.

इथे एक आठवण ठेवून पुढे जाऊ. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून दरवर्षी हजारो ऊसतोड कुटुंबं दसऱ्या-दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, गोधड्या, लेकरं घालून कारखान्यांकडे निघतात. चाकांवर संसार कसा बसवायचा हे आपल्या जिल्ह्याला फार आधीपासून माहीत आहे, फक्त हौसेनं नाही. त्यांच्या ट्रॉलीत काय असतं ते बघा : अंथरूण, पाण्याची भांडी, चुलीचं सामान, पेटी. चैनीला जागाच नसते, पण एवढ्यावर महिने निघतात.

शेवटची तपासणी टोकन देण्याआधीची. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. २५ जण गेले. दार खाली दबलं की बाहेर पडायचा रस्ता उरत नाही. म्हणून झोपायची फळी घालून, पडदे लावून, आत झोपून बघा : मागचं दार आतून उघडतं का? अनेक व्हॅनचं ते उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. मग फळीवरून सरकत सरकत्या दाराशी पोचायला किती वेळ लागतो? हे अंधारात, घरातल्या सर्वांत लहान लेकराकडून करून घ्या. काच फोडायची हातोडी आणि छोटं अग्निशामक यंत्र उशाशी बसवायला जागा आहे का तेही बघा. विक्रेता हसेल, हसू द्या.

पुढच्या आठवड्यात पेटीचं सुतारकाम : प्लायवूड किती जाडीचं, बिजागऱ्या कोणत्या, आणि ते काम जालन्यातल्या कारागिराला कसं समजावून सांगायचं.