अडगळीचा लिलाव आणि मालकाचा वाटा

बुलढाणा जिल्ह्यातील घराघरांतील जुन्या वस्तूंचा व्यवहार आजवर दोनच मार्गांनी होत आला. जुनी लुगडी-धोतरे बोहारणीकडे जात व त्यांच्या बदल्यात एखादे भांडे घरात येई. आणि पितळी घंगाळ, गुंड, पानपुडा भंगारवाल्याच्या तराजूत पडे. तराजू धातूचे वजन करतो. कारागिराच्या हाताचे आणि वस्तूच्या वयाचे वजन त्याला करता येत नाही. आता या दोहोंच्या जोडीला तिसरा मार्ग आला आहे. दुसऱ्याच्या माळ्यावरील वस्तू मोडीच्या भावाने घ्यावी, घासूनपुसून तिचे छायाचित्र काढावे आणि संगणकीय लिलावात दूरच्या हौशी संग्राहकाला विकावी. मधला नफा अर्थातच विकणाऱ्याचा. हा नफा न्याय्य कितपत, हा खरा प्रश्न आहे.

या व्यवसायाचा इतिहास फार जुना नाही. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिद्यार यांनी पुढे ‘ईबे’ म्हणून ओळखले गेलेले लिलावस्थळ सुरू केले. तेथे प्रथम विकला गेला तो एक मोडका लेझर दर्शक, आणि तोही १४.८३ डॉलरला. मोडक्या वस्तूलाही कोठेतरी गिऱ्हाईक असते, हे त्यातून दिसले. पुढे दुसऱ्यांच्या वस्तू दलालीवर विकून देणारी दुकानेच तिकडे निघाली. भारतात ‘बाझी’ ही संस्था २००४ मध्ये ईबेने घेतली. २०१८ मध्ये ते भारतीय संकेतस्थळ बंद झाले. तथापि व्यवहार थांबला नाही. जुनी नाणी, तिकिटे, भांडी यांची बोली आज समाजमाध्यमांवरील गटांतूनही लागते.

मध्यस्थाला सरसकट बांडगूळ म्हणणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. वस्तू ओळखणे, तिचे खरे वर्णन करणे, बांधाबांध करून ती सुखरूप पोहोचविणे आणि गिऱ्हाइकाने परत पाठविली तर तोटा सोसणे, हे सारे श्रमच आहेत. परंतु जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले की, एका पक्षाला माहिती आणि दुसऱ्याला अज्ञान अशी स्थिती असली की बाजार बिघडतो. तेथे विकणारा जाणता होता; येथे घेणारा जाणता आणि घरमालक अजाण आहे.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्ग खुला झाला आणि खामगावचा कापूस दूरदेशीच्या बाजाराला जोडला गेला. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत होती. ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. कारंजाचा बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला, आणि १९६३ च्या राज्याच्या कायद्यानंतर बाजार समित्यांतील उघड लिलाव रूढ झाला. अडत्या नाहीसा झाला नाही. त्याची अडत उघड झाली.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत हाच धडा घेता येईल. समजा, एक घंगाळ मोडीत १,५०० रुपयांना गेले असते आणि लिलावात त्याला ५,००० आले. खर्च ८०० वजा जाता ४,२०० उरतात. थेट विकत घेणाऱ्याला त्यातून २,७०० मिळतील. तोच ३० टक्के दलालीवर काम करील, तर त्याला १,२६० आणि मालकाला २,९४० मिळतील. धोका विकणाऱ्याचा, म्हणून नफाही त्याचाच, असे यावर म्हटले जाईल. जुना रेडिओ किंवा पुस्तके यांबाबत ते बरेचसे खरे आहे. पितळेबाबत मात्र नाही. कारण बोली लागली नाही, तरी मोडीचा भाव हातचा असतोच.

कायद्याची भूमिका येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार प्रतिनिधीने मालकाला हिशेब दिला पाहिजे. मात्र निव्वळ विकत घेणाऱ्याचे मौन ही सामान्यतः फसवणूक ठरत नाही. म्हणजे मालकाचे संरक्षण तो कोणता सौदा पत्करतो यावर अवलंबून आहे. शिवाय वस्तू देणाऱ्याचाच तिच्यावर हक्क आहे ना, हेही पाहिले पाहिजे. सामायिक घरातील समई एका भावाने परस्पर देणे हे कलहाला निमंत्रण होय. आणि सिंदखेडराजा, मेहकर, देऊळगावराजा यांसारख्या जुन्या गावांत तर अधिक सावधगिरी हवी. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, मोलाची हस्तलिखिते पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत. माळ्यावरील पोथी ही सर्वस्वी अडगळ नव्हे.

जिल्ह्यातील सुशिक्षित तरुणांनी हा व्यवसाय अवश्य करावा; घरबसल्या विदर्भाबाहेरचे गिऱ्हाईक मिळवून देणारे असे साधन सहसा हाती येत नाही. मात्र वस्तू उचलताना दलालीचा दर लिहून द्यावा, आणि विक्रीनंतर शेवटची बोली मालकाला दाखवावी. बाजार समितीच्या आवारात कापूसवाल्याला जो हक्क मिळाला, तो घंगाळ विकणाऱ्या वृद्धेला तिच्या ओसरीवर नाकारण्याचे काहीच कारण नाही.