श्रावणात ठरतं पोराचं वर्ष

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या कातकरी-ठाकरांच्या वाड्यांत मी एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. परदेशातला एखादा दाता महिन्याला ठरावीक रक्कम पाठवायचा आणि त्यातून इथल्या एका मुलाच्या शाळेचा, कपड्यांचा, औषधपाण्याचा खर्च चालायचा. वर्षातून एकदा मुलाचा फोटो, प्रगतीचा कागद आणि त्याच्या हातचं पत्र दात्याकडे जायचं. घरोघरी फिरून ही सगळी माहिती गोळा करणं, मूल खरोखर शाळेत आहे का ते पाहणं आणि घराची नड संस्थेपर्यंत पोचवणं, हे माझं काम. टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी, किंवा इकडे डोळखांब-किन्हवलीच्या आतल्या बाजूला एसटीचा शेवटचा थांबा संपला की पायवाट सुरू व्हायची.

दात्यांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असे: मुलाला शाळेसाठी आणखी काय हवं? दप्तर, वह्या, सायकल? प्रश्न मायेचा होता, त्याचं उत्तर मात्र दप्तरात नव्हतं. आमच्या वाड्यांतलं मूल वह्या नाहीत म्हणून शाळेतून गळत नाही. आई-बाप वीटभट्टीवर जातात आणि जाताना त्याला बरोबर नेतात, म्हणून ते गळतं. आई-बाप भट्टीवर का जातात, हे कळायचं तर श्रावण-भाद्रपदात वाडीवर येऊन राहावं लागतं.

आषाढात भाताची आवणी उरकली की हाताला काम राहत नाही. कणगीतलं धान्य तळाला गेलेलं असतं. नवं भात दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला कापायला येणार, तेही ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे त्याच्याकडे. कातकऱ्यांच्या कित्येक घरांकडे तोही नाही. बाया रानातून कंटोळी, भारंग आणतात आणि मुरबाडच्या बाजारात किंवा आसनगाव स्टेशनबाहेर वाटे लावून बसतात. त्यातून मीठ-मिरची सुटते, पोट भरत नाही. याच दिवसांत कुणी आजारी पडतं, कुणाचं लग्न ठरतं, गौरी-गणपतीचा खर्च येतो आणि भट्टीचा मुकादम वाडीवर उचल घेऊन येतो. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी आधीच हातात ठेवलेली रक्कम. ती ज्या दिवशी घेतली जाते, त्याच दिवशी घरातल्या पोराचं शाळेचं वर्ष ठरून जातं. मास्तरांना ते दिवाळीनंतर कळतं, पटावरची पोरं समोर दिसेनाशी झाली की.

दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलच्या भट्ट्यांकडे ट्रक भरून निघतात. माणसं परत येतात ती पावसाच्या तोंडावर. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने, आणि काम एका माणसाचं नसतं, सबंध घराचं असतं. बाप माती कालवतो, साच्यात थापतो, आई वाहते, सात-आठ वर्षांची पोरगी कच्च्या विटा पालटते आणि काखेत धाकटं भावंड सांभाळते. तिला मजुरी वेगळी मिळत नाही, पण तिच्या हाताने हजाराचा आकडा लवकर गाठला जातो. मोरोशीजवळच्या एका वाडीत एका आईने मला सरळच विचारलं होतं, "ताय, पोरीला हितं ठेवली तं वीट कोन पालटंल? न् उचल कोन फेडंल?" वेठबिगारी निर्मूलन कायदा 1976 पासून आहे, उचलीपोटी माणूस बांधून ठेवणं गुन्हा आहे, हे मला तोंडपाठ होतं. तिच्या प्रश्नाला तेवढं पुरत नव्हतं. या भागात तो कायदा कागदावरून जमिनीवर आणायला विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला 1980 च्या दशकापासून झगडावं लागलं. त्यांच्याच विधायक संसदेने पुढे थेट भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची विटा-पेंढ्याची तात्पुरती खोपटी. पोर जिथे आहे तिथे शाळा न्यायची, हा तो विचार. मला तो आजही मोठा वाटतो.

आमच्या संस्थेचा रस्ता वेगळा होता, कारण आमचा पैसा पत्र आणि फोटोच्या वाटेने येणारा होता. ही वाट जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी पडलेल्या शत्रुराष्ट्रांतल्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये एग्लंटाइन जेब यांनी 1919 मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' उभी केली. स्पेनच्या यादवी युद्धात, 1937 मध्ये, जॉन लँग्डन-डेव्हिस या पत्रकाराने एक दाता आणि एक मूल अशी जोडी लावून देण्याची कल्पना काढली. आजची 'प्लॅन इंटरनॅशनल' त्यातूनच आली. कोरियातल्या युद्धाने अनाथ केलेल्या मुलांसाठी अमेरिकन धर्मोपदेशक एव्हरेट स्वॉन्सन यांनी 1952 मध्ये काम सुरू केलं, ते पुढे 'कम्पॅशन इंटरनॅशनल' झालं. आपल्याकडे 1970 च्या दशकात डॉ. शरच्चंद्र गोखले यांनी 'कास्प' ही संस्था स्थापून प्रायोजकत्वाची कल्पना महाराष्ट्रात रुजवली. या हकिकतींत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सुरुवातीची मुलं युद्धाने पोरकी केलेली होती. त्यांना घरच नव्हतं, म्हणून एकेका मुलाकडे पैसे पोचवणं बरोबर होतं. आमच्या वाडीवरच्या पोराला घर आहे, आई-बाप आहेत, आजी आहे. तिथे एकट्या मुलाच्या नावाने आलेला पैसा घरात वेगळेच पेच घालतो.

मी ते पाहिले आहेत. एका घरातल्या थोरल्याला नवे बूट आणि दप्तर, आणि धाकटा दाराशी बसून त्याच्याकडे बघतोय. वाडीत पंचवीस पोरं, त्यातल्या आठ जणांचे फोटो गेले. उरलेल्यांच्या आया मला विचारणार, आमच्या पोरात काय कमी होतं? याच कारणांनी जगभर या पद्धतीवर टीका झाली. 'न्यू इंटरनॅशनलिस्ट' या ब्रिटिश मासिकाने तर 1982 मध्ये मुलांना असं प्रायोजित करूच नका, असं वाचकांना उघड आवाहन केलं. 1998 मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतः दाते होऊन मुलांचा माग काढला, तेव्हा काहींपर्यंत मदत जेमतेम पोचल्याचं उघड झालं. ही टीका मला पटते. पण तिच्या टोकाशी जाऊन ही मदतच नको म्हणणं मला पटत नाही, कारण तिचा गुण मोजून पाहिला गेला आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या अर्थतज्ज्ञांनी भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती जमवली. लहानपणी 'कम्पॅशन'ची मदत मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असं त्यांच्या 2013 च्या अभ्यासात आढळलं. एक ते दीड वर्ष ऐकायला थोडं वाटतं. वाडीवर चौथी आणि पाचवीच्या मधलं ते एक वर्ष म्हणजे पोरगी भट्टीवर जाते की आश्रमशाळेत, एवढा फरक.

बऱ्याच संस्थांनी टीकेतून धडा घेतला आणि दात्यांचा पैसा एकत्र करून गावासाठी वापरायला सुरुवात केली. आमच्याकडेही तसंच झालं. त्यातली दोन कामं मला सगळ्यांत मोलाची वाटतात.

पहिलं काम आजीचं. आई-बाप भट्टीवर गेले तरी म्हातारी बहुतेक वाडीवरच राहते. तिच्याजवळ पोर का ठेवत नाहीत? कारण तिघा-चौघांच्या पोटाला तिच्याकडे काही नसतं. मग दिवाळी ते पाऊस एवढ्या महिन्यांचा तांदूळ, डाळ, तेल आणि साबण आजीच्या घरी पोचवायचं, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी तिच्या दारात जाऊन चौकशी करायची. एवढ्यावर पोरं शाळेत टिकली. त्यात फक्त फोटोतलं पोर नव्हतं, त्याची भावंडंही होती. दाराशी बसलेल्या धाकट्याचा प्रश्न त्यानेच सुटला.

दुसरं काम धान्यकोठीचं. वाडीत भाताचा एक साठा करायचा. श्रावणात ज्याला लागेल त्याने उसनं न्यायचं, कापणी झाल्यावर थोड्या वाढीने परत घालायचं, हिशेब वाडीच्या बायांनीच ठेवायचा. घरात महिनाभराचा दाणा असला की माणूस मुकादमाकडे कमी उचल मागतो, आणि उचल कमी असली की बायको-पोरांना मागे ठेवून एकटा जायची हिंमत करतो. श्रावणातली ही नड सरकारलाही ठाऊक आहे. आदिवासी विकास महामंडळाची खावटी योजना त्यासाठीच होती. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, खावटी कर्जाऐवजी अनुदान म्हणून कुटुंबाला 4,000 रुपये ठरले, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा.

दात्यांना हे कळतं का, असं मला विचारतात. कळतं, नीट सांगितलं तर. हॉलंडच्या एका निवृत्त बाईंनी आमच्या एका मुलीला बाहुली पाठवायचं ठरवलं होतं. मुलीने पत्रात लिहिलं की माझी आजी पहाटे रानात शेवळं काढायला जाते आणि मी तिच्याबरोबर जाते, पण शाळेच्या आधी परत येते. पुढच्या पत्रात बाईंनी बाहुलीचं नाव काढलं नाही. आजीचे गुडघे कसे आहेत, ते विचारलं आणि त्या पैशांतून तिच्या औषधांचं बघा म्हणाल्या.

असा परदेशी पैसा आता आटत चालला आहे. परदेशी देणग्यांवरचा मूळ कायदा 1976 चा, त्याच्या जागी नवा कायदा 2010 मध्ये आला आणि 2020 च्या दुरुस्तीने तो फार कडक झाला. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. आणि सगळ्यांत मोठा फटका म्हणजे एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेने पैसा मिळवायचा आणि मुरबाडच्या छोट्या संस्थेने तो वाडीवर खर्च करायचा, ही साखळीच तुटली. त्याआधी, मार्च 2017 मध्ये, पूर्वपरवानगीच्या अटीत अडकलेल्या 'कम्पॅशन'ला भारतातलं काम गुंडाळावं लागलं. तेव्हा देशभरातली सुमारे 1 लाख 45 हजार मुलं त्यांच्या मदतीवर होती. परदेशी पैशावर सरकारची नजर असावी, याला माझा विरोध नाही. मदतीच्या आडून धर्मांतर होतं, हा त्या संस्थेवरचा आक्षेप होता आणि संस्थेने तो नाकारला. पण मूल मदतीवर असताना मदत तोडायची, तर त्याच्यासाठी दुसरी सोय आधी उभी करायला हवी होती, हे मी ठासून म्हणेन.

परदेशात राहणारे आपले मराठी लोक मला विचारतात, आम्ही काही पाठवू शकतो का? भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, तर मात्र ती परदेशी देणगीच ठरते, माणूस डोंबिवलीत जन्मलेला असला तरी. मग ज्या संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे, तिलाच देता येते.

आणि आपल्याच देशात, आपल्याच करांतून, याच कामासाठी पैसा ठेवलेला आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात प्रायोजकत्वाची तरतूद आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत आई किंवा बाप गेलेल्या, आई-बाप दुर्धर आजारी असलेल्या किंवा निराधार मुलाला घरातच वाढवण्यासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आता या योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ही रक्कम 4,000 रुपये आहे आणि ग्रामीण कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 72,000. भट्टीवर बाप गमावलेली, क्षयाने आई गमावलेली कितीतरी पोरं आमच्या वाड्यांत यात बसतात, पण त्यांच्या नावाने अर्जच गेलेले नसतात.

अर्ज का जात नाहीत? मृत्यूचा दाखला हवा, आणि बाप भट्टीवर वारला तर त्या मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत नाही, भट्टीच्या गावात करावी लागते, तीही बहुधा झालेली नसते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून. मुलाच्या आधारवर नावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या पटावर दुसरं. बँकेत खातं हवं. मग बालकल्याण समितीपुढे मूल आणि पालक हजर हवेत. मुरबाडला रेल्वे नाही; वाडीवरच्या आजीने नातवाला घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत जायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची आणि एखादा कागद कमी पडला म्हणून परत यायचं. दुसऱ्यांदा ती जात नाही. तिला दोष कसा द्यायचा?

आमच्या संस्थेचं काम थांबल्यावर आम्ही काही जुन्या कार्यकर्त्या याच कामाला लागलो आहोत. आमच्याकडे दात्यांचा पैसा नाही, पण कोणत्या कचेरीत कोणता कागद मिळतो, ते ठाऊक आहे. कल्याण-बदलापूरची काही निवृत्त बँकवाली, शाळेतली माणसं मदतीला येतात. एक जण आजीबरोबर कचेरीत जातो, एक जण स्पेलिंग दुरुस्त करून आणतो, कुणी प्रवासाचे पैसे देतो. अर्ज मंजूर व्हायला महिने लागतात, म्हणून आम्ही ते पावसाळ्याच्या तोंडाशी, माणसं भट्टीवरून परतली की लगेच भरायला घेतो. यंदा आवणीच्या आधी धसईच्या बाजूच्या वाड्या करायच्या आहेत, मग शहापूरकडे अघईच्या बाजूला. ज्यांना यायचं आहे त्यांनी शनिवारी या. मुलांची शाळा सकाळची असते आणि आज्या दुपारी घरी भेटतात.